विमानातली संकष्टी

विमान पुण्याहून नागपूरला निघालं तेव्हा कुमुदताईंच्या मांडीवर नैवेद्याच्या मोदकांचा डबा होता आणि पोटात कावळे ओरडत होते. आज संकष्टी. चंद्र दिसल्याशिवाय उपवास सोडायचा नाही.

"पुण्याचा चंद्रोदय आठ पन्नासला, नागपूरचा आठ एकोणतीसला. मग विमानात कितीला धरायचा हो?" असं त्यांनी नवऱ्याला विचारलं आणि लगेच जीभ चावली. ठोंबरे सरांनी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता.

सरांनी समोरच्या खिशातली, उलटीसाठी ठेवलेली कागदी पिशवी काढली आणि तिच्यावर गणित मांडलं. "अंतर सहाशे वीस किलोमीटर, वेळ सव्वा तास. आपण पूर्वेला चाललोय, म्हणजे चंद्राला सामोरे जातोय. म्हणून दर मिनिटाला…" पिशवीच्या दोन्ही बाजू भरल्या. "आठ सदतीस!" त्यांनी जाहीर केलं. "अजून बारा मिनिटं कळ काढ."

कुमुदताई खिडकीकडे हात जोडून बसल्या होत्या. पंखाच्या पलीकडे, ढगांच्या रेघेवर तांबूस चंद्र केव्हाच वर आला होता.

सरांनी घड्याळ पाहिलं, पिशवी पाहिली, पुन्हा चंद्र पाहिला.

"अहो, अंतर धरलंत, वेळ धरलीत," पहिला मोदक उचलत कुमुदताई म्हणाल्या, "पण आपण ढगांच्या वर बसलोय, ती उंची कोण धरणार? गच्चीवरून चंद्र आधी दिसतोच की!"

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं, पिशवीवर स्वतःलाच मोठा भोपळा दिला आणि मोदकासाठी हात पुढे केला.