दगड धुवायचे नाहीत

नळीतलं पाणी पुन्हा हिरवंच झालं.

लेकीने नळी खिडकीशी नेली, रंगांच्या पट्टीशी ताडून पाहिली आणि म्हणाली, "अजून नाही." आईने हातातला टॉवेल खुर्चीवर आपटला. वडिलांनी तोंडासमोरचा पेपर आणखी थोडा वर केला.

हॉलमध्ये भिंतीलगत काचेची मोठी टाकी होती. तिच्यात खारं पाणी होतं, वाळू होती, पंप होता, भोकाभोकांचे दगड होते. मासा मात्र एकही नव्हता. तरी लेक रोज चिमूटभर माशांचं खाणं त्यात टाकायची. ते खायला कोणी नाही, म्हणजे कुजणार. कुजलं की पाण्यात विष तयार होणार. मग ते विष खाणारे जंतू हळूहळू दगडांवर वाढणार आणि पुरेसे वाढले की पाणी माशांजोगं होणार. नळीत थेंब टाकल्यावर रंग हिरवा आला तर विष आहे, पिवळा आला तर मासे आणायला मोकळे. हे तिने आई-वडिलांना पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर येईल. ती घाण नाही. दगड धुवायचे नाहीत. नळाच्या पाण्याने तर मुळीच नाही. त्यातल्या औषधाने जंतू मरतात आणि सगळं पहिल्यापासून."

ती सासरहून एक बॅग घेऊन आली होती. का आली, ते तिने सांगितलं नाही. विचारलं की मिठाची गुळणी. आईने फारच धोशा लावला तेव्हा एवढंच म्हणाली, "बाबांना टाकी लावून देते. मासे सोडले की जाते परत." नवऱ्याचा फोन आला की त्यालाही हेच उत्तर.

आईला ते पटलं. निदान शेवट तरी दिसत होता. तिने उभा जन्म नर्सचं काम केलेलं. जखम असो की संसार, वेळेवर टाके घातले की भरून येतं, असं तिचं ठाम मत. जावई तसा बराच होता. नोकरी, घर, कसलं व्यसन नाही. कुरबुर कुठे होत नाही? उलट लग्नानंतर मुलगी किती वळणाने वागायला लागली, हे ती शेजारणीला कौतुकाने सांगायची. पंखा लावायचा तरी "लावू का?" फ्रिज उघडायचा तरी "उघडू का?" पूर्वी हीच पोरगी कुणाच्या बापाला विचारत नसे.

पण पाणी काही पिवळं होईना. दोनदा होत आलं होतं. दोन्ही वेळा लेकीने नवऱ्याला न्यायला ये म्हणून सांगितलं आणि दोन्ही वेळा तो यायच्या तोंडावर रंग पुन्हा गडद झाला. पहिल्यांदा आईने नशिबाला बोल लावला. दुसऱ्यांदा ती सकाळी बाथरूममध्ये गेली, तर जाळीवर वाळूचे कण अडकलेले आणि कपड्यांच्या ब्रशला तपकिरी, चिकट काहीतरी. बाहेर येऊन पाहते, तर टाकीतले दगड लख्ख. घरात सगळ्यांआधी उठतात ते वडील. त्यांचा लेकीवर केवढा जीव, हे काय सांगायला हवं? आईने ब्रश धुऊन खुंटीला लावला आणि गप्प बसली. म्हाताऱ्याला तेवढंच सुख, असं मनाशी म्हणाली.

आज मात्र तिचा धीर सुटला. जावई उद्या यायचा होता आणि नळी पुन्हा हिरवीगार. तेवढ्यात हॉलमध्ये लेकीचा फोन वाजला. आईने वडिलांना दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"अहो, पुरे झालं आता. त्याला आणखी किती थापा मारायच्या? दगड धुणं बंद करा."

वडील तिच्याकडे बघतच राहिले. "मी?"

"मग काय टाकीतले मासे धुतात?"

"अगं, मला वाटलं तू धुतेस." वडिलांनी चष्मा काढला. "ब्रश मीही पाहिला होता. म्हटलं, हिला पाठवायचं नसेल, पण तोंडाने कबूल करवत नसेल. म्हणून तर मी बोललो नाही."

"मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मीही नाही."

घरात माणसं तीनच होती.

दारापलीकडे लेक फोनवर बोलत होती. हळू, एकेक शब्द जपून. "हो, अजून हिरवंच आहे... नाही रे, मुद्दाम कशाला करेन... हो, माझीच चूक. ओरडू नकोस ना. आई-बाबा आत आहेत."

परक्या माणसांची दुखणी आईने नुसत्या चेहऱ्यावरून ओळखली होती. पोटच्या पोरीचं आपल्याला कळलं नाही, उलट आपण त्याचं कौतुक करत हिंडलो, याची तिला लाज वाटली. वडील काहीतरी बोलणार होते, पण ती थांबली नाही. दार ढकलून ती हॉलमध्ये आली आणि तिने हात पुढे केला. लेक पांढरीफटक पडली. तिने फोन आईच्या हातात दिला.

"मी तिची आई बोलतेय," ती म्हणाली. "मासे आले तरी ती येणार नाही."