वर्तुळातल्या जावा

“पाळकसाहेब, त्यांना म्हणावं, आधी पुस्तक नीट वाचा,” टेलरबाई म्हणाल्या.

“त्यांना सांगा, मी दोनदा वाचलंय,” नर्सबाई म्हणाल्या.

दोघींच्या मध्ये एकच रिकामी खुर्ची होती, तरी प्रत्येक वाक्य पाळकांवरून वळसा घेऊन जात होतं. दोघी सख्ख्या जावा. नर्सबाई थोरल्या, टेलरबाई धाकट्या. कित्येक वर्षांचा अबोला. चर्चमध्येही एकीचं बाक उजवीकडे, दुसरीचं डावीकडे. पण उन्हाळ्यात अर्धी मंडळी सुट्टीवर गेली, पुस्तकचर्चेचे गट मोडून एकच गट केला, आणि पळायला जागाच उरली नाही.

संध्याकाळची उपासना आटोपून सगळे मागच्या खोलीत गोल बसले होते. खिडक्या सताड उघड्या, हातात लिंबू सरबताचे पेले. पुस्तक होतं बेकरी चालवणाऱ्या दोन बहिणींचं. त्यांचं बिनसलं कशानं, यावर गाडी आली होती.

“चूक थोरलीची. तिनं धाकटीला परकं मानलं,” टेलरबाई म्हणाल्या.

“धाकटीच्या नाकावर माशी बसत नाही, त्याला थोरली काय करणार?”

“बसेल कशी? लेकीच्या बाप्तिस्म्याला अख्खी मंडळी बोलावली आणि घरचं माणूस तेवढं वगळलं!”

“वगळलं? पहिला निरोप तिलाच धाडला होता!”

“कोणाबरोबर?”

“थोरलीच्या नवऱ्याबरोबर.”

“नवऱ्याला सांगितलेला निरोप आणि विहिरीत टाकलेला खडा, दोन्ही सारखेच!”

खोलीत हशा पिकला. पाळकही हसले. नर्सबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवून थेट जावेकडे पाहिलं.

“म्हणजे... तुला निरोप मिळालाच नाही?”

“नाही हो, जाऊबाई. मी झबलं शिवून तयार ठेवलं होतं. बोलावणं येईल, येईल म्हणून दिवसभर दाराकडे डोळे.”

“आणि मी तिकडे सगळ्यांना ताटकळत ठेवलं होतं गं. तू आल्याशिवाय सुरुवात नको म्हणून.”

नर्सबाई उठल्या आणि मधल्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसल्या. टेलरबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. मग दोघी एकदमच रडायला लागल्या आणि एकदमच हसायला.

निवृत्त मुख्याध्यापक प्रत्येक पुस्तक पेन्सिलीनं खुणा करत वाचायचे. ते मघापासून भराभर पानं उलटत होते. “माझ्या प्रतीत पानं कमी आहेत की काय?” ते वैतागून म्हणाले. “हा बाप्तिस्मा आहे तरी कितव्या पानावर?”

कोपऱ्यात चर्चचे ऑर्गनवादक बराच वेळ रिकाम्या पेल्यातून सरबत पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला, नर्सबाईंकडे एकदा चोरून पाहिलं आणि घसा खाकरला.

“शोधू नका, सर. ते पुस्तकात नाही. तो नवरा मी.”