काच छातीकडे

रिकाम्या खोलीत कपबशी किणकिणली. सासऱ्यांनी ती घाईघाईने जमिनीवर ठेवली आणि हात मांडीखाली दडपला. सुनेने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आजारपणापासून त्यांच्या हातांना थरथर लागली होती. बाळ दोन महिन्यांचं झालं, पण त्यांनी त्याला एकदाही घेतलं नव्हतं. जवळ नेलं की मागे सरायचे. "नको गं. अजून मान धरली नाही त्याने. आणि माझ्या हातांचा काय भरवसा?" मग लांबूनच चुटक्या वाजवत बसायचे. बाळ आवाजाकडे बघू लागलं की त्यांचे डोळे चमकायचे. तेवढंच.

त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, त्यांना राहायला दोन मोठ्या खोल्या मिळाल्या होत्या. सामान उतरलं होतं. उरला होता फक्त सासऱ्यांचा जुना टीव्ही, मागे भलं मोठं कुबड असलेला. नवऱ्याने सांगून ठेवलं होतं, "संध्याकाळी मी येतो आणि उचलतो."

"तो उचलणार!" सासरे म्हणाले. "मागे मिक्सर उचलला, तर भांडं एकीकडे नि हा एकीकडे. चल सूनबाई, आपणच नेऊ."

"अहो बाबा, जड आहे तो."

"जड आहे म्हणूनच नीट न्यायचा."

वायर त्यांनी कालच काढून, गुंडाळून, मागे चिकटपट्टीने बसवली होती. जिन्यातल्या चपला त्यांनी बाजूला करायला लावल्या. खालच्या खोलीत बाळ गादीवर झोपलं होतं. थोरल्या लेकीला त्याच्याजवळ बसवलं. "तू पोलीस. जागचं हलायचं नाही."

सुनेने टीव्हीला मिठी मारली ती कुबडाकडून. धरायला तेच सोपं वाटलं.

"अंहं. काच छातीकडे घ्यायची. सगळं वजन तोंडाकडे असतं याचं. तोंड बाहेर राहिलं की गेलाच पुढे." त्यांनी स्वतः काच छातीशी घेतली. "तू मागून धर. गुडघ्यात वाक, कमरेत नको. आणि घाई नाही. आपली काही गाडी सुटत नाहीये."

ती उलट्या पावलांनी उतरू लागली. तिला पायरी दिसत नव्हती, त्यांचा आवाज दाखवत होता. "पायरी. हां. टेक. अजून एक." तिच्या नाकासमोर त्यांचे हात होते. शिरा तटतटलेल्या. ती बघतच राहिली. हात हलत नव्हते. एवढं ओझं धरलेलं, आणि जरासुद्धा थरथर नाही.

टीव्ही टेबलावर टेकला. "झालं!" म्हणत सासरे गादीवर बसले. हात रिकामे झाले, आणि पुन्हा थरथरू लागले.

तेवढ्यात बाळ जागं झालं आणि त्याने सूर लावला. सवयीने सासरे भिंतीकडे सरकले. सुनेने बाळाला उचललं आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"बाबा, धरा."

"अगं, काहीतरीच काय! हात बघतेस ना माझे?"

"बघितले मघाशी जिन्यात." तिने बाळ त्यांच्या कुशीत दिलं. स्वतःचा हात मात्र खालून काढला नाही. "तोंड छातीकडे. सगळं वजन डोक्याकडे असतं याचं. आणि घाई नाही."

एक हात मानेखाली गेला. दुसरा पाठीवर आला. मग सुनेने आपला हात हळूच काढून घेतला.

बाळ गप्प झालं होतं. सासऱ्यांचे हात स्थिर होते.

थोरली उठली. तिने टीव्हीची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने तपासली. मग आजोबांकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई, काच तर कुठेच फुटली नाही. मग आजोबा का रडतायत?"