अन्यभाषा

"शी'ज ऑन द फोन अगेन, डॅड," खिडकीशी उभी असलेली निहारिका म्हणाली. नऊ वर्षांच्या निहारिकाला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं ते आयर्लंडमधल्या, एनिस गावच्या शाळेतल्या इंग्रजीत.

गिरीशने लॅपटॉपवरून मान वर केली. रविवार होता. अकराला उपासना. लॉकडाउनमुळे चर्चला कुलूप होतं आणि त्यांच्या छोट्या बाप्टिस्ट मंडळीतली पंचवीस-तीस घरं झूमवर भेटत होती. सगळ्यांना मीटिंगमध्ये आत घ्यायचं काम डीकन, म्हणजे मंडळीचा कारभार बघणारा सेवक, म्हणून गिरीशकडे होतं.

बाहेर सुमेधाची गाडी उभी होती. लिमरिकच्या हॉस्पिटलमधली रात्रपाळी करून ती येऊन वीस मिनिटं झाली होती, पण अजून गाडीतच. काचा बंद, डोळे मिटलेले, ओठ भराभर हलत होते. ख्रिसमसपासून हे असंच चाललं होतं. एवढं कुणाशी बोलते, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती.

चहा टाकायला तो स्वयंपाकघरात गेला. सुमेधाचा फोन ओट्यावर चार्जिंगला लावलेला होता. काल जाताना विसरून गेली होती.

तो स्लिपर्सवरच बाहेर आला. गाडीजवळ गेल्यावर काचेतून आवाज ऐकू आला. मराठी नव्हतं ते, इंग्रजीही नव्हतं. शब्द एकमेकांत मिसळत, चढत, खाली येत होते. ते काय आहे हे त्याला लगेच कळलं: अन्यभाषा, पवित्र आत्म्याचं दान मिळालेल्याच्या तोंडून प्रार्थनेत आपोआप येणारी, त्याला स्वतःलाही न कळणारी भाषा. त्याने पलीकडचं दार उघडलं. सुमेधा मध्येच थांबली.

तो आत बसला.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"चौदा वर्षं? माझ्यासमोर कधीच नाही?"

"तू ऑफिसला गेलास की करायचे. आता तू दिवसभर घरी असतोस."

गिरीश समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. "आत्म्याची ही दानं येशूच्या प्रेषितांबरोबरच संपली, आता कुणाला मिळत नाहीत, असं मी नोव्हेंबरात बायबल स्टडीत शिकवलं. तू होतीस तेव्हा."

"नोट्ससुद्धा काढल्या मी."

"मंडळीत कळलं तर काय म्हणतील, म्हणून लपवलंस?"

"मंडळीचं काय, रे. तुझ्यामुळे लपवलं."

"मी चिडलो असतो?"

"चिडला असतास तर चाललं असतं." तिने स्टीअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. हॉस्पिटलच्या सॅनिटायझरने ते भेगाळले होते. "लग्न ठरल्यावर तू मला पाचगणीच्या कॅम्पचं सांगितलंस. एकोणीस वर्षांचा होतास. तीन दिवस गुडघ्यांवर बसून हेच दान मागितलंस आणि तुझ्या शेजारच्या एकेका मुलाला मिळत गेलं. ते सांगताना तुझा चेहरा असा झाला होता, की मी ठरवलं, याच्यासमोर कधी तोंड उघडायचं नाही."

रस्त्यावरून शेजारचे म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन गेले. त्यांनी हात केला. दोघांनीही केला.

"पाचगणीचं तुला सगळं सांगितलेलं नाही," गिरीश म्हणाला. "शेवटच्या दिवशी मी एकटाच उरलो होतो. सगळे माझ्याभोवती उभे राहून प्रार्थना करत होते. डोक्यावर, खांद्यावर हात. मग मी तोंडाला येईल ते बडबडायला लागलो. काहीही. सगळे रडले, मला मिठ्या मारल्या. कॅम्पच्या पाळकांनी अनुभव सांगायला हातात माइक दिला."

सुमेधाने त्याच्याकडे पाहिलं.

"खोटं होतं सगळं. इथे आल्यावर या मंडळीत गेलो, तर कुणी विचारतच नाही, तुला मिळालंय का म्हणून. बरं वाटलं. वाटलं, सुटलो."

"सुटलास?"

त्याने मान हलवली. नाही.

तिने त्याचा हात हातात घेतला. म्हणाली, "काल रात्री बेड नऊवरच्या आजी गेल्या. मुलाला आत येता येत नव्हतं. मी टॅबलेटवर त्याचा व्हिडिओ कॉल धरून उभी होते. त्याच्याशी इंग्रजीत बोलले, अगदी नीट. गाडीत आल्यावर देवाशी काय बोलू ते सुचेना. मराठीत नाही, इंग्रजीतही नाही. मग हेच येतं."

"त्यात काय म्हणतेस, ते तुला कळतं?"

"नाही."

"माझं नाव असतं त्यात?"

"शब्द नाही कळत, गिरीश. पण सुरू करताना मनात कोण असतं, ते कळतं."

कोण, हे त्याने विचारलं नाही.

काचेवर टकटक झाली. निहारिका कोट न घालताच बाहेर आली होती. "डॅड, दे आर ऑल इन द वेटिंग रूम!"

"पाच मिनिटं म्हणावं. पाळकांना मेसेज कर माझ्या फोनवरून."

"बट यू'र नॉट गोइंग एनीव्हेअर!"

"जा बाळा, थंडी आहे. आलोच."

ती पळत आत गेली. गिरीशने आपल्या बाजूचं दार नीट ओढून घेतलं. उघडी राहिलेली फट बंद झाली तशी गाडीत एकदम शांतता पसरली.

"माझ्यासमोर जमेल तुला?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. बघते."

सुमेधाने डोळे मिटले. पहिला शब्द यायला वेळ लागला. आला तोही अगदी हळू, चाचरत. गाडी बंदच होती, किल्ली तिच्या मांडीवर होती. तरी गिरीशने हात मागे नेऊन सीटबेल्ट ओढला, लावला आणि तिच्याबरोबर प्रवासाला निघाल्यासारखा समोर बघत बसून राहिला.