पुढून जाड

भाचीच्या पत्राला ऑर्विलने उत्तर दिलं नव्हतं. मॅरेनने अलास्काहून लिहिलं होतं, ‘आईच्या रंगीत काचेच्या दिव्याचा एवढाच तुकडा उरलाय, मामा. लग्नात गळ्यात घालायचाय. करून द्याल?’ हो लिहावं, तर हाताची खात्री नव्हती. नाही लिहावं, तर तो हिरवा तुकडा पत्राबरोबरच येऊन पडला होता.

लग्न येत्या शनिवारी होतं. आजच्या टपालात ते गळ्यातलं गेलं नाही, तर पोचणार नव्हतं.

तुकड्याला घासून बदामाचा आकार देऊन झाला होता. आता काठाला चिकट तांब्याची पट्टी. ती कडेवर मधोमध बसवून पुढे-मागे सारखी दुमडायची. वितळलेलं कथील काचेला धरत नाही, तांब्यालाच धरतं. म्हणजे पट्टी जशी, तसा काठ. ऑर्विलने पट्टी लावली, काढली. दुसरी लावली. तीही काढली.

“नवरीसुद्धा इतके कपडे बदलत नाही,” शेजारची बर्नडीन म्हणाली. हे काम त्याला तिनेच शिकवलं होतं.

“मधोमध येत नाहीये.”

“तुझ्या हाताने येणारही नाही. लाव आणि दाब.”

त्याने लावली. बदामाच्या वरच्या खाचेत ती लाकडी काडीने दाबली.

टच्.

खाचेपासून केसाएवढी रेघ निघाली आणि काचेच्या मध्यावर थांबली.

पट्टी पुढून जाड, मागून बारीक बसली होती. ऑर्विलचं नख आपसूक तिच्या टोकाखाली गेलं.

“हात काढ,” बर्नडीन हळू म्हणाली. “आता त्या पट्टीनेच काच धरून ठेवलीय.”

“वाकडी आहे गं.”

“आहेच. काढ आणि दोन तुकडे पाठव.”

नख तिथेच राहिलं. टेकडीखालून, दारोदार थांबत येणाऱ्या टपालगाडीची घरघर ऐकू आली. मग त्याने नख मागे घेतलं आणि तापलेली सळई उचलली.

कथील काठावरून सरकत गेलं. खाचेपाशी आलं तशी बर्नडीन श्वास रोखून वाकली. रेघ होती तिथेच राहिली. त्याने वर कडी बसवली, काच निवू दिली.

कागदावर त्याने लिहिलं, ‘पुढून जाड झालंय.’ कारण लिहायला पेन पुन्हा टेकवलं, तोच बर्नडीनने कागद ओढून बदामाशेजारी पाकिटात सरकवला आणि पाकीट चिकटवलं.

फाटकाशी त्याने ते टपालपेटीत ठेवलं, टपाल न्यायचंय याची खूण म्हणून पेटीचा लाल झेंडा वर केला. झाकणावरचा हात मात्र तसाच राहिला. सरोवरावरून गार वारा येत होता. गाडी येऊन थांबली.

“आजोबा,” पोस्टमन म्हणाला, “द्यायचंय ना?”

ऑर्विलने हात काढला.