टेबलावरची काठी

नाना उठले तेव्हा त्यांना कुणी उठा म्हटलं नव्हतं. व्यवस्थापकाच्या नेमणुकीचा विषय निघाला आणि त्यांनी आपली खुर्ची मागे सारली.

"कलम सात," ते म्हणाले. "ज्याचं नातं, त्याने बाहेर."

हे कलम त्यांनीच लिहिलेलं. वृद्धाश्रम सुरू केला त्या वर्षी, स्वतःच्या अक्षरात. आणि पाळायचे तर इतकं काटेकोर, की एकदा त्यांच्या शेजाऱ्यांच्या मांजरीने आश्रमाच्या स्वयंपाकघरात धुडगूस घातला आणि तिचं काय करायचं यावर चर्चा निघाली, तेव्हाही नाना बाहेरच्या बाकावर जाऊन बसले होते. आज तर प्रश्न सख्ख्या मुलाचा होता. त्याने या जागेसाठी अर्ज केला होता.

जाण्याआधी नानांनी हातातली काठी टेबलावर आडवी ठेवली. मूठ चिटणीसबाईंच्या बाजूला.

"सांभाळा," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी दाराबाहेरून जाणाऱ्या सिस्टरला हाक मारली आणि तिच्या दंडाला धरून एकेक पाऊल टाकत ते बाहेर गेले. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना आधाराशिवाय दोन पावलंही जमत नव्हती. सिस्टरने त्यांना बाकावर नीट टेकवलं आणि ती आपल्या कामाला गेली. जागेसाठीचा दुसरा अर्ज तिचाच होता.

चौघांची समिती, आता तिघं उरली. चिटणीसबाई, डॉक्टरीणबाई आणि शिंपीमामा. शिंपीमामा वीस वर्षं आश्रमातल्या सगळ्यांचे कपडे शिवत आले होते, आणि नानांनी दिवसाला रात्र म्हटलं असतं तर त्यांनी अंथरूण घातलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी वेळ घालवला नाही. "यात विचार करण्यासारखं काय आहे? अकरा वर्षं ती हे घर सांभाळतेय. कोण कुठल्या कुशीवर झोपतं, कुणाला सकाळी बोललेलं खपत नाही, सगळं तिला ठाऊक आहे. माझं मत सिस्टरला."

"मुलगा काही वाईट नाही हो," शिंपीमामा म्हणाले.

"वाईट नाही. टिकत नाही. पाच वर्षांत चार धंदे झाले त्याचे. इथे चाळीस म्हातारी माणसं आहेत, मामा. कंटाळा आला म्हणून ती मोडीत काढता येणार नाहीत."

शिंपीमामांनी काठीकडे बोट केलं. "नाना म्हणाले ना, सांभाळा. माणसाने आणखी कसं सांगायचं? माझं मत मुलाला."

एकास एक. दोघंही चिटणीसबाईंकडे बघू लागली.

त्यांच्यापुढे मुलाखतींचे कागद होते. सिस्टर पुढे होती, चांगलीच पुढे. घरून निघताना चिटणीसबाईंचं मत पक्कं होतं. पण आता ती काठी समोर होती. मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. नाना ती विसरले असतील? नाना आजवर साधी टाचणी विसरले नव्हते. म्हणजे स्वतः बाहेर आणि काठी आत. चिटणीसबाईंना राग आला, आणि राग आल्याचं वाईटही वाटलं.

नवरा गेल्यावर त्या इथे आल्या, तेव्हा कोपऱ्यात बसून मुकाट्याने इतिवृत्त लिहायच्या. तिसऱ्या बैठकीत नानांनी त्यांच्याकडे वळून विचारलं होतं, "तुमचं मत काय?" तोवर हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. ना माहेरी, ना सासरी. त्या दिवशी घरी जाऊन त्या पोटभर रडल्या होत्या. अशा माणसाने आज पहिल्यांदाच काही मागितलं होतं, तेही मोठ्याने न बोलता.

"सांभाळून घ्यायला हवं," त्या म्हणाल्या. "माझं मत मुलाला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "लिहा तसं. माझा विरोधही लिहा."

चिटणीसबाईंनी लिहिलं. संबंधित सदस्य बैठकीबाहेर होते. निर्णय नियमानुसार झाला. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. मग काठी उचलून त्या बाहेर आल्या.

नाना बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते. समोरच्या खोलीत सिस्टर एका आजींना भरवत होती. आजी तोंड फिरवत होत्या आणि सिस्टर चमचा हातात धरून शांतपणे थांबली होती.

"काय ठरलं?" नानांनी विचारलं.

"तुमच्या मुलाचं नाव. दोन विरुद्ध एक."

नानांचा चेहरा उजळला नाही. ते सिस्टरच्या हातातल्या चमच्याकडे बघत राहिले.

"तुमचं मत काय होतं?"

उत्तर देण्याऐवजी चिटणीसबाईंनी काठी पुढे केली. "ही आत ठेवून गेलात तुम्ही. आम्ही समजलो, नाना."

"काय समजलात?"

नानांनी काठी घेतली आणि मांडीवर आडवी ठेवली.

"आठवडाभर घरची सगळी माझ्या मागे लागली होती. पोटचा पोर आहे, बाई. घरी मला नाही म्हणवेना. वाटलं, नाही म्हणायला तुम्ही आहात. पण स्वतःचा भरवसा नव्हता. काठी हातात असती, तर उठून परत आत आलो असतो, त्याच्यासाठी तुमच्यापुढे हात जोडले असते. म्हणून ती तुमच्याकडे सांभाळायला दिली होती."