साक्षीदाराचा शॉट

"निळा दिवा नको, भरतेश. उतरव तो," राजनंदिनी म्हणाली.

भरतेशनं स्टँड खाली ठेवला. तो सांगलीचा. लग्नांचे व्हिडिओ करत करत सिनेमात आलेला कॅमेरामन. "अगं, खुनाचा सीन आहे. काहीतरी दिसायला नको का?"

"जेवढं दिसलं तेवढंच दिसू दे. लहानपणी बघायचो ते खुनाचे सिनेमे आठव. रात्र निळी, मागनं धूर आणि खुन्याच्या तोंडावर बरोबर एक तिरीप. बघणाऱ्याला कळायचं, हे खोटं आहे. रिळाला उजेड लागायचाच, त्यांचाही इलाज नव्हता. पण तुझा हा डिजिटल कॅमेरा एका बल्बवर चालतो. मग खोटं कशाला? लोकांना वाटलं पाहिजे, आपण स्वतः तिथं उभे होतो."

तिथं म्हणजे तासगावजवळच्या तिच्या घरच्याच बेदाण्याच्या शेडमध्ये. राजनंदिनी चौथीत असताना तिचे वडील वीरधवल इथंच कोयत्यानं मारले गेले. दिवस नुकताच मावळला होता. शेजारच्या बागेच्या लालासाहेबाशी त्यांचं विहिरीच्या पाण्यावरून वैर होतं. तिच्या काकांनी, नाथाजींनी, बांधावरून सगळं पाहिलं आणि कोर्टात सांगितलं. त्या साक्षीवर लालासाहेबाला जन्मठेप झाली.

आता तो सुटून आला होता. पारावर बसत होता, लोक त्याला चहा पाजत होते. नातीचं लग्न ठरलं होतं. राजनंदिनीला ते बघवत नव्हतं. कोर्टाची शिक्षा संपली असेल, तिची अजून सुरूच झाली नव्हती. सिनेमाचा पहिला खेळ गावातच, देवळापुढं पडदा लावून करायचा आणि त्याच्या व्याह्यांना पुढच्या रांगेत बसवायचं, असं तिनं ठरवलं होतं.

हे ती त्याला तोंडावर सांगून आली होती.

"सिनेमात तुमचं नाव तेच राहणार आहे," ती त्याच्या अंगणात उभी राहून म्हणाली.

लालासाहेब म्हशीला वैरण टाकत होता. त्याचे हात थांबले. "ऱ्हाऊ दे की. कुनाचंच नाव बदलू नगंस."

"भीती नाही वाटत?"

"बायकू गेली, तवा तुरुंगातनं मातीला बी सोडलं न्हाई मला. आता कशाचं भ्या वाटंल, पोरी?"

तिला ती मग्रुरी वाटली. परतताना तिनं मनाशी पक्कं केलं, ह्याचा चेहरा जवळून दाखवायचा. घाम दिसेल इतका जवळून.

वडलांमागं काकांनीच तिला वाढवलं, बाग सांभाळली, शिकायला पुण्याला पाठवलं. "त्याचं त्वांड समद्या मुलखानं बघाय पायजे," असं तेच म्हणायचे. आज तिनं त्यांना मुद्दाम सेटवर आणलं होतं.

"काका, कॅमेरा म्हणजे तुमचे डोळे. तुम्हाला दिसलं तसंच हवं. चुकलं की सांगा. रीळ संपायची भीती नाही, हवं तेवढ्यांदा करू."

"मला काय कळतंय त्यातलं," काका म्हणाले. पण खुर्ची ओढून मॉनिटरपुढं बसले.

दिवस मावळला. शेडमधला एकच बल्ब लागला. साताऱ्याच्या नाटकांतला शिवतेज लालासाहेब झाला होता. वीरधवलांचं काम करणारा नट त्याच्यासमोर बेदाण्याच्या रॅकपाशी बसला होता. भरतेशनं बांधावरून शॉट घेतला.

मॉनिटरवर एक पाठ दिसली आणि तिच्या पलीकडं कोयता धरलेली काळी आकृती.

"बल्ब शिवतेजच्या मागं येतोय," भरतेश म्हणाला. "चेहरा काळाच पडणार."

"बल्ब इथंच होता ना, काका?"

"बल्ब तितंच हुता." काका पडद्याकडं टक लावून बघत होते. "पर असं न्हवतं दिसत. जवळ घ्या."

भरतेश कॅमेरा हातात धरून शेडच्या हिरव्या जाळीपर्यंत गेला.

"अजून म्होरं."

तो जाळीच्या आत आला.

"दादाची पाठ काय बघायची? पल्याडनं घ्या. आन् दादा बसला न्हवता, गुडघ्यावर हुता. चाहूल लागली तशी मान वळीवली त्यानं. डाव्या अंगानं."

राजनंदिनीनं हे कधीच ऐकलं नव्हतं. काकांचा आवाज बारीक झाला होता. आजूबाजूला माणसं आहेत हे ते विसरले होते. तिनं भरतेशला हातानंच खुणावलं, थांबू नकोस.

नट रॅककडं तोंड करून गुडघ्यावर आला. भरतेश वळसा घालून शिवतेजच्या मागं गेला. मॉनिटर शिवतेजच्या पाठीनं भरून गेला.

"ह्यो मधी येतोय," काका वैतागले. "काढा ह्याला बाजूला."

शिवतेज कोयता घेऊन बाजूला झाला. भरतेशनं राजनंदिनीकडं पाहिलं. तिची नजर मॉनिटरवरच होती. तो शिवतेजच्या जागेवर जाऊन उभा राहिला.

"जरा वरनं."

भरतेशनं कॅमेरा वर उचलला. नटानं डाव्या अंगानं मान वळवून थेट भिंगात पाहिलं. बल्बचा पिवळा उजेड त्याच्या सगळ्या चेहऱ्यावर पडला.

कॅमेरा चालू होता.

"हां," काका म्हणाले. "आता बरोबर. दादा असाच बघत हुता."